परदेशी पदवी आणि हिशेबाची सनद

जुन्नरहून पश्चिमेस निघून घाटघरचे पठार ओलांडले, की सह्याद्रीची कड जेथे एकाएकी तुटून खालचे कोकण उघडे पडते, तेथे नाणेघाटाच्या खिंडीशी कोरलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या यज्ञयागांचा व त्यांत दिलेल्या दक्षिणांचा तपशील ब्राह्मी लिपीत खोदलेला आढळतो. इतके गोधन, इतके अश्व, इतके कार्षापण अशा रीतीचा तो मजकूर आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला समजला जाणारा हा लेख राजकुलाची प्रशस्ती म्हणून विद्वानांस प्रिय असला, तरी जमाखर्चाच्या अभ्यासकाने तो खर्चाची बाजू म्हणून वाचावयास हरकत नाही. भारतीय अंकचिन्हांच्या अतिशय जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि दहा हजार, वीस हजार यांसारख्या मोठ्या संख्यांसाठीही त्यात चिन्हे आहेत. शून्य मात्र नाही. खिंडीच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्याचा होता असे सांगतात. ते खरे असो वा नसो, ज्या मुलखात जकातीची आठवण दगडाला चिकटून राहते तो मुलूख हिशेबाला नवखा म्हणता येणार नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेण्यांत याहूनही रोकडा व्यवहार नोंदलेला आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे द्रव्य ठेवून त्याचे उत्पन्न धर्मकार्यास लावल्याचाही आहे. आणि ज्यांस लेखांत ‘यवन’ म्हटले आहे, अशा इरिल, चिट, चंद या परक्या गृहस्थांची दानेही कोरून ठेवलेली आहेत. म्हणजे परका मनुष्य त्या काळी येथे येऊन आपले द्रव्य खर्ची घालीत होता, आणि आपल्यामागे श्रेणी ठेवीचे उत्पन्न चुकते करीत राहील असा भरवसा दात्यास वाटत होता. हिशेबाचा धंदा उभा राहतो तो या भरवशावर. बेरीज-वजाबाकी कोणासही शिकता येते. पण हा हिशेब खरा आहे असे जगास सांगण्याचा अधिकार कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या रीतीने सोडविला, आणि आज याच मुलखातील मंचरचा वा ओतूरचा वाणिज्य शाखेचा पदवीधर उच्च शिक्षणासाठी परदेशी जातो, तेव्हा त्याची खरी गाठ पडते ती याच प्रश्नाशी. परदेशी पदवी मिळविणे हा त्या प्रवासाचा सोपा भाग होय. सनद मिळविणे हा अवघड.

आपल्याकडे हा अधिकार कित्येक शतके जन्माने ठरत असे. गावचा हिशेब कुलकर्ण्याने लिहावा, परगण्याचा देशपांड्याने, असा दस्तूर होता, आणि वतन म्हटले की त्याच्या वाटण्या, भाऊबंदांचे तंटे व दिवाणातील फिर्यादी ओघानेच आल्या. लेखणीही त्यांतून सुटली नाही. गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत पोचविण्याची कामगिरी महार वतनदाराकडे असे, तेव्हा ज्याने रक्कम सुखरूप वाहून न्यावयाची त्याच्या हाती ती रक्कम लिहिणारी लेखणी मात्र जावयाची नाही, असा हा बंदोबस्त होता. मुंबई सरकारने परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जुलै १९४९ रोजी, केंद्रीय कायद्यान्वये भारतातील चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था अस्तित्वात आली होती. या दोन घटनांत कारणसंबंध नाही, आणि गावचा कुलकर्णी व कंपनीचा हिशेबतपासनीस यांची कामेही निरनिराळी. तरीही जन्माने मिळणारी लेखणी ज्या वर्षांत मोडीत निघाली, त्याच वर्षांत परीक्षेने मिळणारी लेखणी कायद्याने उभी राहिली, हे इतिहासाच्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परदेशी पदव्युत्तर शिक्षण घेऊन हिशेबाच्या कचेरीत पाऊल टाकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठे नाव डॉ. भीमराव आंबेडकरांचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढील आयुष्यातील प्रचंड कर्तृत्वाने ही पहिली वाट झाकून टाकली आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात बडोदे संस्थानाची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१५ साली त्यांनी एम. ए.साठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार हा होता. ज्या कंपनीने हा देश गिळला तिचे हिशेब तपासण्यास या देशातील एका तरुणाने अमेरिकेत बसून आरंभ करावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे १९१६ साली ते लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये त्यांस परतावे लागले, आणि करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले.

तेथे त्यांची नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून झाली, हे त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या इंग्रजी आठवणींत सांगितले आहे. सकाळी दहाच्या सुमारास कचेरीत जावे व रात्री आठच्या सुमारास परतावे, असा त्यांचा क्रम होता. परतावयाचे कोठे, हाच काय तो प्रश्न होता. अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना, तेव्हा नाव बदलून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि त्यांस बाहेर काढण्यात आले. कोलंबियाचा पदवीधर, संस्थानाचा नेमणूकदार, आणि त्यास रात्री पाठ टेकण्यास शहरात जागा नाही! मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर व गुंतवणूक यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. ज्ञान पुरे होते, पदवी पुरी होती; उणीव होती ती त्या ज्ञानावर विश्वास टाकण्यास तयार असणाऱ्या समाजाची.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वाणिज्याच्या उच्च शिक्षणासाठी १९१३ साली निघालेले हे कॉलेज त्या काळी हिशेबाच्या नव्या विद्येचे माहेरघर होते, आणि त्याच १९१८ साली मुंबई सरकारने जी. डी. ए. ही हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. दुसऱ्या खेपेस लंडनला जाऊन, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून व बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतल्यानंतरही आंबेडकरांचा या विद्येशी संबंध तुटला नाही: १९२५ पासून सुमारे तीन वर्षे ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. होतकरू हिशेबनिसांच्या वर्गासमोर ते उभे आहेत, हे चित्र आपल्या चरित्रकारांनी जरा अधिक ठळक रंगवावयास हवे होते. पुढे ३० मे १९४९ रोजी घटना समितीत नियंत्रक व महालेखापाल या पदाची चर्चा चालू असता, राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच होय, असा अभिप्राय त्यांनी दिला. हे म्हणणारा तोच बडोद्याच्या कचेरीतील उमेदवार होता.

जी. डी. ए.चे महत्त्व समजण्यास त्यापूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसास सरकारी दाखला आवश्यक केला. एक दाखला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. दुसऱ्या प्रकारचा दाखला एका प्रांतापुरता व ठरावीक भाषेपुरताच असे. ब्रिटनमधील मान्यताप्राप्त हिशेबनीस-संस्थांच्या सभासदांना मात्र येथे मुक्तद्वार होते. एडिंबरोच्या हिशेबनिसांस १८५४ साली व इंग्लंड-वेल्सच्या हिशेबनिसांस १८८० साली राजसनद मिळालेली होती, आणि त्या सनदेची छाया साम्राज्याबरोबर पसरत गेली. साहजिकच ऐपतदार हिंदी तरुण विलायतेस जाऊन तेथील उमेदवारी व परीक्षा उरकीत आणि परत येऊन मुंबईत पाटी लावीत. त्या काळी विलायतेची सनद येथे चाले, येथली तेथे चालत नसे. आज विलायतेची सनद येथे आपोआप चालत नाही आणि येथली तेथे आपोआप चालत नाही. न्याय समान झाला, विद्यार्थ्याचा त्रास मात्र दुप्पट झाला.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. जुन्नर व आंबेगाव यांस देशांतर नवे नाही. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी मालाच्या मोटारीपुढे हुतात्मा झाले. मुंबईच्या डबेवाल्यांतही या दोन तालुक्यांतील माणसे आहेत. पूर्वी घाट उतरणारा मनुष्य अंगमेहनतीच्या जोरावर जाई. आता जाणारा मुलगा वा मुलगी जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथल्या कॉलेजांतून बी. कॉम. होऊन निघते. पतसंस्था, विकास सोसायट्या, विघ्नहर व भीमाशंकर हे साखर कारखाने, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, या साऱ्यांमुळे ताळेबंद व लेखापरीक्षण हे शब्द येथे घराघरांत ऐकू येतात. संस्थेस लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग मिळाला की त्याचे फलक लागतात. अशा मुलखातील तरुणास हिशेबाचा पेशा आकर्षक वाटावा, यात नवल ते काय?

परदेशगमनाची पहिली पायरी, मौज अशी, की स्वतः हिशेबनीस होण्यापूर्वी दुसऱ्या हिशेबनिसाचे दार ठोठावणे ही आहे. अमेरिकी विद्यापीठ आय-ट्वेंटी हा दाखला देण्यापूर्वी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावयास सांगते. मग सातबारा, आठ-अ, घराचे मूल्यांकन, बँकेतील ठेवी यांची गोळाबेरीज करून चार्टर्ड अकाउंटंटाचा मत्ता-दाखला तयार होतो. त्या दाखल्यावर २०१९ पासून युडीआयएन हा अठरा अंकी-अक्षरी क्रमांक घालावा लागतो, ज्यायोगे बोस्टनमध्ये बसलेल्या कारकुनासही सही खरी की खोटी हे पडताळता येते. दाखला मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे नव्हे. मोठ्या शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात, आणि एकरांनी जमीन असलेल्या बागायतदारासही तेथे खाली मान घालावी लागते, कारण शेतजमीन तारण म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही. बिनशेती भूखंड वा राहते घर लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि त्या विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावातच आहे. हिरडा गोळा करणाऱ्या घरातील मुलास या योजनेची वर्दी वेळेवर मिळते काय, हा प्रश्न योजनेच्या अटींइतकाच महत्त्वाचा आहे.

यानंतर येते ती खरी गोम. अमेरिकेत हिशेबाची सनद म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, संक्षेपाने सीपीए. आणि ती सनद वॉशिंग्टन देत नाही, विद्यापीठ देत नाही, प्रत्येक राज्याचे स्वतंत्र मंडळ देते. या मंडळांनी वर्षानुवर्षे सनदेसाठी १५० श्रेयांकांची शर्त घातलेली आहे. आपली तीन वर्षांची बी. कॉम. तेथे बहुधा ९० श्रेयांकांची धरली जाते; अमेरिकेतील हिशेबशास्त्राची एम. एस. साधारण ३० श्रेयांकांची असते. बेरीज १२० झाली. लाखो रुपये कर्ज काढून, समुद्र ओलांडून, पदवी घेऊन ३० श्रेयांक उणेच! ज्याने जाण्यापूर्वी येथेच दोन वर्षांची एम. कॉम. केलेली असते त्याची बेरीज मात्र जुळण्याचा संभव असतो. २०२५ पासून ओहायोसारख्या राज्यांनी चार वर्षांची पदवी व दोन वर्षांचा अनुभव असाही पर्याय मान्य करण्यास प्रारंभ केला आहे, परंतु तोही राज्यागणिक निराळा. तेव्हा विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते पाहण्याआधी ज्या राज्यात राहावयाचे त्या मंडळाचे नियम वाचावेत. क्रमवारीची चर्चा घरोघर होते, मंडळाचे नियम वाचणारा विरळा.

परीक्षा चार भागांची. हिशेबतपासणी, वित्तीय लेखांकन व करविषयक नियम हे तीन भाग सर्वांस सक्तीचे, आणि जानेवारी २०२४ पासून चौथा भाग उमेदवाराने आपल्या आवडीचा निवडावयाचा. प्रत्येकात ७५ गुण मिळाले पाहिजेत. २०२० पासून ही परीक्षा मुंबईसह भारतातील काही शहरांत देता येते. म्हणजे परीक्षेने समुद्र ओलांडला. सनदेने ओलांडला नाही, कारण तिच्यासाठी बहुधा एक वर्षाचा अनुभव व तो प्रमाणित करणारा सनदधारक लागतो.

शिकावयाचे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मंचरच्या एखाद्या व्यापाऱ्याने मार्चमध्ये किलोस १० रुपये दराने कांदा घेऊन बराखीत भरला, एप्रिलमध्ये तितकाच १४ रुपयांनी घेतला, आणि पावसाळ्यात निम्मा २० रुपयांनी विकला असे समजा. विकला गेला तो आधीचा माल असे धरले, तर किलोमागे नफा १० रुपये. नंतरचा माल असे धरले, तर ६ रुपये. अमेरिकेच्या नियमांस हा दुसरा प्रकार मान्य आहे, आणि भाव चढते असताना तेथे कर कमी भरावा लागत असल्याने तो कित्येकांस प्रियही आहे. आंतरराष्ट्रीय मानके व आपली भारतीय मानके यांस तो मुळीच मान्य नाही. बराख तीच, कांदा तोच, नफा निराळा. (प्रत्यक्षात आधी विकला जातो तो सडावयास लागलेला कांदा, हे कोणत्याही मानकात लिहिलेले नाही.) अशा भेदांची जाण हीच परदेशी शिक्षणाची खरी मिळकत होय; कारण दुहेरी नोंदीचे तत्त्व, जे लुका पाचोली या इटालियन भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केले, ते मंचरात व मॅनहॅटनात एकच आहे.

अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत अभ्यासक्रम बसत असेल तर आणखी दोन वर्षे. साधी हिशेबशास्त्राची पदवी त्या यादीत सहसा बसत नाही, म्हणून कित्येक विद्यापीठांनी विदा-विश्लेषणाची जोड देऊन अभ्यासक्रमाचे वर्गीकरणच बदलून घेतले आहे. ही चतुराई वाईट नव्हे, परंतु प्रवेशापूर्वी तो वर्गीकरणाचा अंक लेखी विचारून घ्यावा. जानेवारी ते १५ एप्रिल हा तेथील हिशेबनिसांच्या धांदलीचा मोसम. इकडे गावोगावच्या चैत्री यात्रा चालू असता तिकडे आपला मुलगा मध्यरात्री विवरणपत्रे भरीत बसलेला असतो. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या परवान्यासाठी मालकाने अर्ज करावयाचा, वर्षाला मिळून ८५ हजारांची मर्यादा, त्यांतील २० हजार अमेरिकी उच्च पदवीधरांसाठी, आणि अर्ज फार झाले की निवड सोडतीने. जन्माने मिळणारी लेखणी अन्यायाची होती खरी. सोडतीने मिळणारी लेखणी न्यायाची आहे असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

विलायतेत पदवीनंतर राहण्याची मुदत २०२१ पासून दोन वर्षांची होती, ती आता आखडत आहे. तेथील एसीसीए संस्थेच्या तेरा विषयांतून आपल्या बी. कॉम.ला काहींची सूट मिळते आणि तीन वर्षांचा अनुभव कोणत्याही देशात घेता येतो, ही तिची सोय. भारतीय संस्थेचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील काही संस्थांशी सामंजस्य-करार आहेत, ज्यांमुळे येथे चार्टर्ड अकाउंटंट झालेल्यास तेथील काही परीक्षा माफ होतात. अमेरिकेशी असा परस्परमान्यतेचा करार नाही.

म्हणून सीपीए होऊन परतलेला तरुण नारायणगावच्या पतसंस्थेच्या वा पुण्याच्या एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर तपासनीस म्हणून सही करू शकत नाही. त्यास पुण्या-मुंबईत काम मात्र विपुल मिळते, कारण अमेरिकेत हिशेबनिसांचा तुटवडा पडल्यापासून तेथील करविवरणे व तपासणीची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर येथल्या कचेऱ्यांतच तयार होतात. फक्त अखेरची सही तिकडची असते. ज्यास आपल्या तालुक्यात पाटी लावावयाची आहे त्याने आधी येथली परीक्षा द्यावी हे उत्तम: वाणिज्य पदवीधरास ५५ टक्के गुण असल्यास थेट मधल्या परीक्षेपासून आरंभ करता येतो, आणि २०२३ च्या नव्या योजनेने उमेदवारीची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली आहे. त्यानंतर परदेशी गेल्यास भारतीय सनद गाठीशी राहते आणि कित्येक ठिकाणी तिचे श्रेयांकही धरले जातात. ज्यास अमेरिकेतच स्थायिक व्हावयाचे आहे त्याने एम. कॉम. पुरी करून, मंडळाचे नियम वाचून व सीपीएचे निदान दोन भाग मुंबईत उत्तीर्ण होऊन निघावे. मग कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी उरलेले दोन पदरात पाडून घेण्यास त्यास तेथे वेळ मिळतो.